इंडोनेशियन भाषेतलं ब्लॉगलेखन: बाकू लिहावं की बोलावं तसं?

दर्यासारंग
इंडोनेशियन ब्लॉगांचा पसारा वाढतोय तसा एक वाद पुन्हा पुन्हा वर येतो: लिहायचं कुठल्या भाषेत? 'बाकू' म्हणजे प्रमाण, की 'गाउल' म्हणजे जाकार्ताच्या पोरांची बोली? माझं मत बाकूच्या बाजूने आहे.

ही भाषा बहुतेकांची मायबोली नाहीच. 28 ऑक्टोबर 1928 च्या युवक-शपथेत मलयवर बेतलेल्या भाषेला ऐक्याची भाषा मानलं. जावानीज बोलणारे संख्येने सर्वांत जास्त, तरी मान तिला दिला नाही. सातशेच्या वर भाषांच्या देशात सुमात्रातल्या आचेच्या आणि सुलावेसीतल्या मकास्सारच्या वाचकाला एकच मजकूर कळतो, तो या प्रमाणामुळे.

आणि नियम अवघड नाहीत, लोक कंटाळा करतात. सर्वांत जास्त चूक होते ती 'दि'ची. 'दि रुमाह' म्हणजे घरी, इथे 'दि' सुटा. 'दितुलिस' म्हणजे लिहिलं गेलं, इथे जोडून. शंका आली की 'दि' काढून कर्तरी रूप करून बघा. 'मेनुलिस' होतं, म्हणून 'दितुलिस' जोडायचं. 'रुमाह'चं तसं क्रियापद होत नाही, म्हणून तोडायचं. दुसरी चूक 'मेरुबाह'. बदलणे या अर्थाचं मूळ 'उबाह', म्हणून रूप 'मेंगुबाह'. 'रुबाह' म्हणजे कोल्हा! तिसरी, 'क-प-त-स'ने सुरू होणारं मूळ 'मे-' लागताना पहिलं व्यंजन गिळतं: 'पेंगारुह' म्हणजे प्रभाव, त्यापासून 'मेमेंगारुही'. निम्म्या ब्लॉगांवर तिथे 'प' तसाच लोंबकळत असतो.

काठावरची
असहमत. नियम बरोबर सांगितलेत, पण ब्लॉग वाढले ते पाठ्यपुस्तकाचा सूर टाकला म्हणून. विनोदी लेखक रादित्या दिका यांच्या ब्लॉगचं 2005 मध्ये पुस्तक झालं आणि तरुणांनी ते उचलून धरलं, ते त्यातल्या बोलण्याच्या भाषेमुळे.

पहिल्याच वाक्यात अडतं बघा. वाचकाला काय म्हणायचं? प्रमाणात 'आंदा'. हे सर्वनाम 1957 मध्ये वर्तमानपत्रातून रुजवलं गेलं. जाहिरातीत आणि अर्जांवर शोभतं, घरात कुणी म्हणत नाही. 'गुए-लो', म्हणजे मी-तू, होक्कियन चिनीतून जाकार्तात आलं. योग्याकार्ताच्या वाचकाला ते उर्मट लागतं. 'आकु-कामु' हेही मी-तूच, पण जवळिकीचं. म्हणून जाणते लेखक स्वतःला 'साया' म्हणतात, वाचकांना 'तमान-तमान', म्हणजे मित्रहो, आणि प्रतिसादाला उत्तर देताना 'मास' किंवा 'म्बाक', दादा-ताई. सुंदानीज असेल तर 'कांग', मिनांग असेल तर 'उदा'. यातलं एकही बाकूच्या नियमावलीतून शिकता येत नाही.

आणखी एक. प्रमाण शब्द आहे 'रिसिको' (जोखीम), 'अपोतेक' (औषधाचं दुकान), 'इझिन' (परवानगी). शोधताना लोक टाइप करतात 'रेसिको', 'अपोतिक', 'इजिन'. नुसतं शुद्ध लिहून त्या वाचकापर्यंत पोचणार कसं?

वहिवाट
दोघेही शब्दांवर भांडताय, पण यंत्राला तुमची भाषा कळते का ते आधी तपासा. इंडोनेशियन आणि मलेशियाची मलय इतक्या जवळच्या की दोन-तीन ओळींचा मजकूर यंत्र सर्रास चुकीच्या खात्यात टाकतं. वाचकाचाही घोटाळा होतो: 'पर्चुमा' मलेशियात फुकट, इंडोनेशियात निरुपयोगी. 'पेजाबात' तिकडे कचेरी, इकडे अधिकारी.

इलाज सोपा आहे. टेम्प्लेटच्या पहिल्या 'एचटीएमएल' टॅगमध्ये 'लँग'ची, म्हणजे मजकुराच्या भाषेची, किंमत 'आयडी' (id) ठेवा. जुना संकेत 'आयएन' होता, तो 1989 मध्ये बदलला. पण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने तो सतराव्या आवृत्तीपर्यंत धरून ठेवला, आणि अँड्रॉइडच्या भाषांतर-फोल्डरात तो अजून दिसतो. तिथून उचलून लोक आपल्या साइटवर 'आयएन' टाकतात. देशांच्या यादीत 'आयएन' म्हणजे भारत. मग ब्राउझर आणि मजकूर वाचून दाखवणारी यंत्रं गोंधळतात आणि लेखक सहा महिने मजकुराला दोष देत बसतो.

आणि बॅकअप. मल्टिप्लाय या ब्लॉग-साइटवर इंडोनेशियन लेखकांची मोठी वस्ती होती. 1 डिसेंबर 2012 पासून तिथली ब्लॉगसेवा बंद झाली. ज्यांनी वेळेत मजकूर उतरवला नाही, त्यांचे लेख गेले आणि लेखांखालची चर्चाही गेली. स्वतःचं डोमेन घ्या आणि महिन्यातून एकदा एक्सपोर्टची फाइल घरच्या डिस्कवर ठेवा.

दर्यासारंग
'वहिवाट' यांचं संकेताबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. काठावरची, 'रेसिको'बद्दल: शीर्षकात आणि दुव्यात प्रमाण रूप ठेवा, अशुद्ध रूप मजकुरात एकदा येऊ द्या, 'बरेच जण असं लिहितात' म्हणून. दोन्ही वाचक सापडतात.

बाकू मेलेली आहे असं मात्र म्हणू नका. डाउनलोडसाठी 'उंदुह', अपलोडसाठी 'उंग्गाह' हे शब्द जावानीजमधून घेतले: पहिला झाडावरून फळ उतरवण्याचा, दुसरा वर चढण्याचा. ऑनलाइनला 'दारिंग', 'दालाम जारिंगान' म्हणजे जाळ्यातला, याचं आखूड रूप. आणि दुव्याला शब्द आहे 'प्रनाला'. संस्कृत प्रणाल! आपली छपरावरची पन्हळ त्याच शब्दातून आली. पाणी एकीकडून दुसरीकडे नेणारी वाट, तोच दुवा. इतका नेमका शब्द हाताशी असताना 'लिंक' लिहायचं?

काठावरची
शब्द सुंदर आहे, पण लोक 'लिंक'च म्हणतात. 'उंदुह' टिकला कारण तो लहान आहे आणि लाखो बटणांवर दिसला. माउससाठी केलेला 'ततिकुस' कोशातच राहिला. उलट 'लेबाय', म्हणजे अतिरेकी, आणि 'केपो', म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा, हे रस्त्यावरचे शब्द आज खुद्द सरकारी महाकोशात आहेत. आधी लोकांनी लिहिलं, मग कोशाने घेतलं.

मुळाक्षर
तुम्ही बाकू आणि गाउल दोनच धरलेत. दोन्ही जिंकतात तेव्हा हरतं कोण? जावानीज, सुंदानीज, बुगीस.

27 ऑक्टोबर 2007 ला जाकार्तात पहिला 'पेस्ता ब्लॉगर' मेळावा झाला आणि तो दिवस राष्ट्रीय ब्लॉगर दिन ठरला. शपथ-दिनाच्या आदल्याच दिवशी. गावोगावच्या गटांची नावं बघा: योग्याकार्ताचा 'चाह आंदोंग', म्हणजे घोडागाडीची पोरं, मकास्सारचा 'आंगिंग मम्मिरी', म्हणजे वाहता वारा. नावं आपापल्या भाषेत, लेख मात्र जवळपास सगळे इंडोनेशियनमध्ये.

त्याला कारण आहे. जावानीजमध्ये शब्दच पायरीनुसार बदलतो. जेवणं हे बरोबरीच्याला 'मांगान', आदबीने स्वतःबद्दल 'नढा', थोरांसाठी 'ढाहार'. मराठीत तू-तुम्ही-आपण बदललं तरी क्रियापद 'जेवणं'च राहतं, तिथे तसं नाही. पाककृती लिहिणाऱ्याला वाचक कोण हे माहीत नसतं, मग पहिल्याच ओळीला हात थांबतो आणि तो इंडोनेशियनकडे वळतो. लिपीचं तेच. जावानीज लिपी 2009 मध्ये युनिकोडच्या 5.2 आवृत्तीत आली, पण लोक रोमनच लिहितात, तेही उच्चारावरून: 'आहे'साठी प्रमाण 'आना', लिहितात 'ओनो'. मग शोधून सापडत नाही.

दर्यासारंग
पायरीची अडचण खरी. मग पाककृती बरोबरीच्या 'ङोको'त लिहावी आणि प्रस्तावनेची दोन वाक्यं आदबीच्या 'क्रामा'त, असं चालेल?

मुळाक्षर
कृतीचा भाग चालेल, कारण 'कांदा चिर, तेल तापव' हे कुणाला उद्देशून नसतं. पण शेवटी 'जेवून घ्या' लिहायची वेळ येतेच. तिथे 'मांगान' लिहिलं तर जावातल्या सोलो शहरातली आजी पान बंद करेल.