पावसात काय वाचायचं, थंडीत काय बघायचं? सगळ्या घराला चालतील अशी पुस्तकं आणि सिनेमे सुचवा

दोघांची_आई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. घरात दोन मुलं. धाकटी सहा वर्षांची, जोडाक्षरं आली की अडखळते. थोरला बारा वर्षांचा, त्याला वाचायला आवडायचं पण आता दोन पानं झाली की हात मोबाईलकडे जातो. आम्ही असं ठरवलंय की यंदा प्रत्येक ऋतूत एक पुस्तक आणि एक सिनेमा सगळ्यांनी मिळून करायचा, पावसात पावसाचा, थंडीत थंडीचा, मोठ्या सुट्टीत सुट्टीचा. पण शोधायला गेलं की ख्रिसमसच्याच याद्या समोर येतात आणि त्याही नुसत्या नावांच्या, कुठल्या वयाला झेपेल, भीती वाटेल का, शेवटी रडू येईल का, काहीच कळत नाही. नावं कमी द्या चालेल, पण का सुचवताय ते लिहा प्लीज. पुस्तक मराठी किंवा चांगलं भाषांतर असेल तर उत्तम, सिनेमा कुठल्याही भाषेतला चालेल, फक्त धाकटीला सबटायटल वाचता येत नाहीत. आणि सहा आणि बारा दोघांनाही एकत्र धरून ठेवेल असं खरंच काही असतं का?

रानवारा

ताई, असतं. पावसासाठी डोळे झाकून 'माय नेबर तोतोरो', मियाझाकींचा 1988 चा जपानी सिनेमा. दीड तासापेक्षा कमी आहे, कुणी खलनायक नाही, मारामारी नाही. दोन बहिणी, साधारण तुमच्या मुलांच्याच वयातलं अंतर, वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात आणि त्यांना जंगलातला एक मोठ्ठा प्राणी भेटतो. त्यातला बसस्टॉपचा प्रसंग बघाच. रात्र आहे, पाऊस आहे, थोरली धाकटीला पाठुंगळीला घेऊन बाबांची छत्री धरून उभी, बस येत नाही, आणि शेजारी डोक्यावर पान ठेवून तोतोरो येऊन उभा राहतो. ती त्याला छत्री देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटप पडतात तो आवाज त्याला इतका आवडतो की तो जोरात उडी मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी एकदम धाडकन खाली! संवाद जवळपास नाहीत त्यामुळे सबटायटलची अडचणही तिथे येत नाही.

आता यावरून मला जे वाटतं ते सांगतो. ऋतूचं पुस्तक किंवा सिनेमा निवडताना मुखपृष्ठावर छत्री आहे का हे बघू नका, त्या पावसामुळे गोष्टीतल्या माणसांचं काही होतं का ते बघा. नुसता मागे पाऊस पडतोय आणि गोष्ट उन्हातही तशीच घडली असती तर ते मुलांच्या लक्षात राहत नाही. तोतोरोमध्ये पाऊस नसता तर ती भेटच झाली नसती.

थोरल्यासाठी याच कसोटीवर 'किल्ला', अविनाश अरुण यांचा, मराठी. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीये, मुलगा नव्या शाळेत, नवे मित्र, आणि सिनेमाभर पाऊस. मित्र त्याला किल्ल्यावर भर पावसात मागे टाकून जातात तो भाग बारा वर्षांच्या मुलाला आतून कळतो, त्या वयात मित्रांनी मागे टाकणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते. 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला आणि ते देणारी ज्युरी मुलांचीच होती, हे थोरल्याला आवर्जून सांगा, मोठ्यांनी 'चांगला आहे बघ' म्हणण्यापेक्षा त्याच्या वयाच्या मुलांनी निवडलाय हे त्याला जास्त पटेल.

पानोपानी

वरच्या कसोटीशी शंभर टक्के सहमत, आणि त्यावर उतरणारं पुस्तक म्हणजे 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्ज यांची 'द इअर्लिंग' (1938, पुढच्या वर्षी पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला), मराठीत राम पटवर्धनांनी आणली आणि मी तर म्हणेन मराठीत झालेल्या सगळ्यात सुंदर भाषांतरांपैकी एक आहे. फ्लोरिडाच्या जंगलात राहणारा बारा वर्षांचा ज्योडी, त्याचे आईवडील आणि त्याने वाढवलेलं हरणाचं पाडस. एप्रिलमध्ये सुरू होतं आणि वर्षभराने संपतं, म्हणजे सगळे ऋतू एकाच पुस्तकात, आणि मध्ये कित्येक दिवस न थांबणारं वादळ येतं, पीक जातं, नंतर जंगलातल्या जनावरांत रोग पसरतो, इथून पुढे घरात खायला काय उरणार हा प्रश्न गोष्टीचा कणा होतो. जाड आहे पण मोठ्याने वाचायला घ्या, रोज एक तुकडा, बाहेर पाऊस चालू असताना वादळाचं प्रकरण आलं तर मुलं उठायला तयार होत नाहीत. 1946 मध्ये त्यावर सिनेमाही आला, ग्रेगरी पेकने वडिलांचं काम केलंय, पण आधी पुस्तक संपवा. या पुस्तकाच्या बाबतीत मी हट्टी आहे.

शाळेतल्या_बाई

थांबा थांबा, 'पाडस' सुचवताना शेवट काय आहे ते आधी सांगायला हवं होतं, ताईंनी मुद्दाम विचारलंय. पाडस मोठं होतं, पीक खायला लागतं आणि शेवटी ज्योडीलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. बाराव्या वर्षी हे वाचावं असं मलाही वाटतं, सहाव्या वर्षी नाही. धाकटी त्याच खोलीत बसून ऐकत असेल तर तिच्यासाठी सुरुवातीचीच प्रकरणं ठेवा आणि पुढचं थोरल्याबरोबर वेगळं वाचा. तोतोरोमध्येसुद्धा मुलींची आई इस्पितळात आहे आणि शेवटाकडे धाकटी हरवते, लोक तळ्यात शोधतात, तिथे एक चप्पल सापडते. सगळं नीट होतं पण त्या पाच मिनिटांत लहान मूल घाबरतं, त्यामुळे तिला एकटीला टीव्हीसमोर बसवून तुम्ही दुसरीकडे असं नको, जवळ बसा.

दुःख टाळा असं मी म्हणत नाहीये. ऋतूंच्या गोष्टींत काहीतरी संपतंच, बर्फ वितळतो, सुट्टी संपते, मुलांना ते समजतं. थंडीसाठी मला म्हणूनच रेमंड ब्रिग्जचं 'द स्नोमॅन' फार आवडतं. 1978 चं चित्रपुस्तक, त्यात एकही शब्द नाही. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं आकाशातून उडतात आणि सकाळी तो वितळलेला असतो. 1982 मध्ये त्यावर जेमतेम अर्ध्या तासाचा सिनेमा झाला, एक गाणं आहे पण संवाद नाहीतच म्हणा. धाकटीला वाचता येत नाही ही इथे अडचण राहतच नाही, उलट तिलाच पानं उलटत गोष्ट सांगायला लावा, थोरल्याने ऐकायचं. वर्गात मी बघितलंय, अडखळत वाचणारी मुलं शब्द नसलेलं पुस्तक हातात आलं की सगळ्यात जास्त बोलतात, प्रत्येकाचा शेवट वेगळा असतो, कुणी म्हणतं तो उद्या परत येईल, कुणी म्हणतं नवा करू.

उलटा_वाचक

मी थोडं वेगळं बोलतो. ज्या ऋतूत आहोत त्याच ऋतूचं वाचायचं हे कशाला? उकाड्यात बर्फाचं वाचायला जी मजा येते ती थंडीत येत नाही, बाहेर नसलेलं हवामान पुस्तकातून उभं करावं लागतं आणि मुलं तिथेच कल्पना लढवतात. तोवे यान्सन यांचं 'मूमिनलँड मिडविंटर' (1957) घ्या. मूमिन म्हणजे पाणघोड्यासारखे दिसणारे गोष्टीतले प्राणी, त्यांचं कुटुंब दर हिवाळा झोपून काढतं. एका वर्षी धाकट्या मूमिनला मध्येच जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, आईबाबा उठत नाहीत, आणि तो बाहेर येतो तर सगळं पांढरं. त्याने आयुष्यात कधी बर्फ पाहिलेला नाही! म्हणून ज्या मुलांनी स्वतः बर्फ पाहिलेला नाही त्यांना बर्फावरचं याहून जवळचं पुस्तक मला माहीत नाही, लेखिका काहीच गृहीत धरत नाही, त्याच्याबरोबर आपणही पहिल्यांदाच बघतो. इंग्रजीतून वाचून तुम्ही मराठीत सांगत जा, भाषा साधी आहे.

तसंच 'चौघीजणी', शांता शेळके यांनी केलेलं 'लिटल विमेन'. सुरुवात ऐन नाताळात होते, वडील युद्धावर, भेटवस्तूंना पैसे नाहीत. मोठ्या सुट्टीत दुपारी आडवं पडून वाचायला याच्यासारखं नाही. चौघी बहिणींतल्या बेथचं काय होतं त्याची आधी कल्पना असू द्या, तो भाग दुःखाचा आहे. सिनेमा 2019 चा घेतलात तर आधी पुस्तक हवंच, कारण त्यात गोष्ट मागेपुढे उड्या मारते, पुस्तक माहीत नसेल तर मुलं गोंधळतील.

रानवारा

@उलटा_वाचक दादा, मुद्दा चांगला आहे आणि मूमिन तर आमचाही लाडका. पण सहा वर्षांच्या मुलीला खिडकीबाहेरचा पाऊस आणि पडद्यावरचा पाऊस जुळला की जो आनंद होतो तो वेगळाच, ती मधेच उठून खिडकीशी जाते आणि परत येते. बारा वर्षांच्याला तुमची पद्धत जास्त मानवेल. वयाप्रमाणे दोन्ही वापरा ताई.

दुपारची_लायब्ररी

सबटायटलबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. लहान मुलाला सगळे संवाद वाचून दाखवू नका, त्याचं लक्ष पडद्यावरून तुमच्या तोंडाकडे जातं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटांत माणसं कोण कोण आहेत आणि त्यांना काय हवंय एवढं सांगायचं, मग मध्ये अडलं तरच एखादं वाक्य. तोतोरो आणि त्याच दिग्दर्शकाचा 'पोन्यो' (2008, पाच वर्षांचा मुलगा आणि समुद्रातून आलेली मासोळी, पाणी घरापर्यंत चढतं) हे दोन्ही असे चित्रांवरच कळतात. वाचन थोरल्यावर सोपवलं तर त्याला जबाबदारी वाटते आणि मोबाईल आपोआप बाजूला राहतो, हे बऱ्याच घरांतून ऐकलंय.

हिंदी चालत असेल तर 'द ब्लू अंब्रेला' विसरू नका, रस्किन बाँड यांची छोटी कादंबरी आणि त्यावरचा विशाल भारद्वाज यांचा सिनेमा. डोंगरातल्या गावात बिनियाकडे निळी छत्री येते आणि दुकानदाराला ती इतकी हवीशी वाटते की तो नको ते करून बसतो. गाव त्याच्याशी बोलणं टाकतं. इथे खरी गंमत पुढे आहे, मुलांना विचारा की त्याला माफ करावं का. सहा वर्षांची एक बोलेल आणि बारा वर्षांचा दुसरंच, आणि दोघं भांडतीलसुद्धा. पुस्तक अगदी लहान आहे, दोन-तीन बैठकींत होईल, मग सिनेमा, कारण सिनेमाने दुकानदाराचा भाग बराच वाढवलाय आणि काय बदललं ते शोधायला मुलांना आवडतं.

रोजच्या वाचनाला माधुरी पुरंदरे यांचं 'वाचू आनंदे' घेऊन ठेवा, बालगट आणि कुमारगट वेगळे आहेत, विषयवार उतारे आणि कविता आहेत, चांगल्या चांगल्या लेखकांचे. ऋतू बदलला की त्यातलं तुम्हाला जे जुळेल ते काढायचं. धाकटीला स्वतः वाचायला त्यांच्याच 'लालू बोक्याच्या गोष्टी'. पावसाळ्यात बालकवींची श्रावणाची कविता मोठ्याने म्हणा, अर्थ सांगत बसू नका, ताल आधी बसू दे. आणि 'किशोर' मासिक, 1971 पासून निघतंय, जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, त्यातले त्या त्या महिन्याचे जुने अंक उघडून बघा, जुलैच्या अंकात पाऊस सापडतोच बहुतेक.

दोघांची_आई

काय सुंदर उत्तरं दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. पावसाला तोतोरो सगळ्यांनी मिळून आणि 'पाडस' फक्त थोरल्याबरोबर, थंडीला 'स्नोमॅन' धाकटी सांगणार, सुट्टीत मूमिन, असं ठरवतेय. 'ब्लू अंब्रेला' कधीही. एकच विचारायचं राहिलं, 'किल्ला' धाकटीसमोर लावला तर चालेल का, की तोही वेगळा?

रानवारा

वेगळा लावा. घाबरण्यासारखं फारसं नाही, पण संथ आहे, आईच्या ऑफिसातला ताण वगैरे तिला कळणार नाही, ती कंटाळून चुळबुळ करेल आणि थोरल्याचा सिनेमा मोडेल. ती झोपल्यावर तुम्ही दोघं आणि तो, तिघांनीच बघा. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांबरोबर रात्री बसायला मिळणं हीसुद्धा भारी गोष्ट असते. बघून झाल्यावर लगेच 'काय कळलं' विचारू नका मात्र, तो स्वतः बोलेल तेव्हा बोलू द्या.