मदत हवी आहे: ग्लुकोजवर वाढलेलं यीस्ट गॅलेक्टोजला दाद का देत नाही?

नमस्कार मंडळी. मुंबईत एमेस्सी करतेय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी यीस्टच्या गॅल-१ जीनचा (गॅलेक्टोज वापरायच्या कामाचा) प्रमोटर, म्हणजे जीन चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा, लॅक-झेड या रंगाने खूण देणाऱ्या जीनला जोडलाय. जीन चालू झाला की ओएनपीजी हे रसायन घातल्यावर ट्यूब पिवळी होते. रॅफिनोजवर (गॅल जीनना ना दाबणारी, ना चालू करणारी साखर) वाढवलेल्या पेशींना गॅलेक्टोज दिलं की रंग पटकन येतो. ग्लुकोजवरच्या पेशी मात्र धुऊन गॅलेक्टोजमध्ये टाकल्या तरी कितीतरी वेळ ढिम्म. लॅब बंद व्हायची वेळ येते, पुढे कर्जत लोकलही गाठायची असते.

माझ्या माहितीप्रमाणे गॅल-४ हे प्रथिन डीएनएवर बसतं, गॅल-८० त्याला दाबून धरतं आणि गॅलेक्टोज आलं की गॅल-३ त्या गॅल-८०ला आवरतं. मग दोन्हीकडे वेळ सारखाच लागायला हवा ना? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
गॅल-८०चं बरोबर आहे, पण ग्लुकोज असताना दुसरं कुलूपही असतं: मिग-१ हे प्रथिन. ते गॅल-१च्या प्रमोटरवर बसून टप-१ या जीन दाबणाऱ्या प्रथिनाला बोलावतं, शिवाय खुद्द गॅल-४चा जीनही दाबतं. म्हणजे गॅल-४ मुळातच कमी. गॅल-३ आणि गॅलेक्टोज आत आणणारं गॅल-२ यांचाही तुटवडा. ग्लुकोज गेलं की स्नफ-१ हे काइनेज मिग-१वर फॉस्फेट चढवतं आणि मिग-१ केंद्रकाबाहेर पडतं. हे काही मिनिटांचं काम, उशीर तिथे होत नाही. वेळ जातो तो ही सगळी प्रथिनं नव्याने बनवण्यात. रॅफिनोजमध्ये गॅल-४ आधीच जागेवर बसलेलं असतं, फक्त गॅल-८०चा अडसर.

आणि तो अडसर दूर झाला म्हणून आरएनए पॉलिमरेज (जीनवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) आपोआप येत नाही हं. गॅल-४ आधी सागा आणि मीडिएटर ही अनेक प्रथिनांची अवाढव्य संकुलं ओढून आणतं, सागामुळे टीबीपी हे प्रथिन प्रमोटरमधल्या टाटा बॉक्स या जागेवर बसतं, मग पॉलिमरेजची सोय होते. व्हायवात हे हमखास विचारतात.

धागाकर्ती:
खूप आभार! आमच्या फ्रीझरमध्ये गॅल-८०चा जीन काढलेला यीस्टचा स्ट्रेन (वाण) आहे. तो ग्लुकोजवरही पिवळा होईल?

प्रतिसाद:
ग्लुकोजवर नाही, मिग-१ आहेच की. रॅफिनोजवर मात्र गॅलेक्टोज न घालताच होईल. दोन्ही ट्यूबा शेजारी शेजारी लावा आणि फोटो इथे टाका.