आधी कथन की आधी स्थैर्य?

लहानपणी अत्याचार सोसलेल्या किशोरवयीनांना घडलेले सगळे आधी बोलते करावे, म्हणजे मन मोकळे होते, हे मत मला अर्धेच पटते. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी विकसित केलेल्या टीएफ-सीबीटी (आघातावर केंद्रित, विचार आणि वर्तनावर काम करणारा उपचार) या पद्धतीत आघाताचे कथन, म्हणजे घडलेले सांगणे, आहेच, पण ते मध्यावर येते; त्याआधी शरीर शांत करणे, भावना ओळखणे आणि विचार तपासणे शिकवले जाते. एरवी हा उपचार साधारण १२ ते १६ सत्रांचा असतो. मात्र अत्याचार दीर्घकाळ आणि घरच्याच माणसाकडून झाला असेल, तर सत्रे वाढतात आणि मन स्थिर करण्याच्या या सुरुवातीच्या टप्प्यालाच जवळपास निम्मा वेळ द्यावा लागतो, कारण अशा मुलाला समुपदेशकाचा आपलेपणाही संशयास्पद वाटू शकतो.

प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणणारा पंधरा वर्षांचा मुलगा असहकार करतो आहे, असे समजण्याची घाई (ती आपण मोठी माणसे हमखास करतो) टाळावी. कुठे बसायचे, बोलायचे की लिहायचे, कधी थांबायचे, हे त्याला ठरवू द्यावे. गोपनीयतेच्या मर्यादा मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगाव्यात. स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती असल्यास सुरक्षिततेचा आराखडा आधी हवा. अत्याचारात सहभागी नसलेल्या पालकासाठी समांतर सत्रेही ठेवावीत, पण त्या पालकाचा मुलाच्या सांगण्यावर विश्वास आहे का, हे आधी पाहून.