एंजल गुंतवणूकदाराकडून पहिला पैसा घेतोय, कागदावर सही करण्याआधी काय बघू?

सावली७

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र दीड वर्षापासून एक सॉफ्टवेअर बनवतोय. पंपाला किंवा मोटारीला काडेपेटीएवढा सेन्सर चिकटवायचा. बेअरिंग झिजायला लागलं की कंपनं बदलतात, आणि मशीन बंद पडायच्या आधीच आमचं सॉफ्टवेअर इशारा देतं. चार कारखाने पैसे मोजून वापरतायत. आतापर्यंतचा सगळा खर्च आमच्या बचतीतून झाला, ती आता संपत आलीय.

एक निवृत्त उद्योजक २० लाख घालायला तयार आहेत. प्रात्यक्षिक बघायला आले तेव्हा स्क्रीनकडे न बघता त्यांनी आधी पंपावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा आठवडाभरात बसेल." आमचा आलेखही तेच सांगत होता. माणूस आवडला. त्यांनी 'सेफ' नावाचा गुंतवणुकीचा करार पाठवलाय, पोस्ट-मनी कॅप २ कोटी. त्यांचे दोन स्नेही याच अटींवर प्रत्येकी १० लाख देतील म्हणतात. कागद तीनदा वाचला, पण आमचा हिस्सा नेमका किती जाणार हे कुठेच थेट लिहिलेलं नाही. सेफ घ्यावा की कन्व्हर्टिबल नोट मागावी? आणखी काय बघायचं?

मधुकर_क

सावलीताई, अभिनंदन. पैसे मोजणारे चार ग्राहक हाताशी असताना एंजलकडे जाताय, ही फार जमेची बाजू आहे.

आधी कागदाचं बोलू. वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१३ च्या अखेरीस सेफ आणला. आज पैसे द्यायचे, शेअर नंतर घ्यायचे, पुढचा मोठा राउंड (गुंतवणुकीची फेरी) होईल तेव्हा. ते कर्ज नाही, त्यामुळे व्याज नाही आणि परतफेडीची तारीखही नाही. कन्व्हर्टिबल नोटचंही पुढे शेअरमध्येच रूपांतर व्हायचं असतं, पण तोवर ती कर्ज असते. व्याज चढत राहतं आणि मुदत संपेपर्यंत राउंड झाला नाही तर समोरचा पैसे परत मागू शकतो. तुमच्या जागी मी असतो तर सेफच घेतला असता.

आता हिशोब. कॅप म्हणजे सेफचे शेअर होताना कंपनीचं धरायचं जास्तीत जास्त मूल्य. २०१८ पासून वाय कॉम्बिनेटरचा प्रमाणित सेफ पोस्ट-मनी आहे, म्हणजे कॅपच्या आकड्यात सेफचे पैसे आधीच धरलेले असतात. म्हणून २० लाख भागिले २ कोटी, सरळ १०%. स्नेह्यांचे ५-५%. एकूण २०%. पुढच्या राउंडचं मूल्यांकन कॅपपेक्षा कमी निघालं तर याहूनही जास्त.

सावली७

मला वाटत होतं दुसरा-तिसरा एंजल आला की पहिल्याचा हिस्साही थोडा कमी होईल. तसं नाही का?

मधुकर_क

नाही, आणि नेमके इथेच बरेच फाउंडर फसतात. जुन्या प्री-मनी सेफमध्ये (त्यात कॅपच्या आकड्यात सेफचे पैसे धरलेले नसत) नंतर येणाऱ्या सेफमुळे आधीच्या सेफवाल्यांचाही हिस्सा घटायचा. पोस्ट-मनीमध्ये ते एकमेकांना धक्का लावत नाहीत. प्रत्येक नवा सेफ फक्त तुमच्या दोघांच्या (आणि कर्मचाऱ्यांना शेअर दिले असतील तर त्यांच्या) वाट्यातून जातो. "आणखी एक मित्र ५ लाख देतोय, घेऊन टाका" असं कुणी म्हटलं की ते अडीच टक्के कुणाच्या खिशातून जाणार हे आधी बघा.

पुढचं पाऊलही आजच मांडून ठेवा. समजा पुढच्या राउंडमध्ये नव्या गुंतवणूकदाराने २०% घेतले आणि कर्मचाऱ्यांसाठी १०% बाजूला काढले. मग जुन्या सगळ्यांकडे मिळून ७०% उरतात. तुमचे ८०% होतात ५६, एंजल मंडळींचे २० होतात १४. म्हणजे प्रत्येकी २८%. हे ठीक वाटत असेल तर पुढे चला. नसेल तर कॅप वाढवून मागा किंवा कमी पैसे घ्या. दोन्ही मागण्या रास्त आहेत, संकोच नको.

रानवारा

मधुकररावांच्या हिशोबाला माझा पूर्ण दुजोरा. मी वेगळ्या जागी ठेचकाळलो, ते सांगतो, कारण तुम्हीही एकटे नाही, भागीदार आहात.

आम्ही तिघांनी सुरुवात केली तेव्हा शेअर सारखे वाटून मोकळे झालो. सातव्या महिन्यात एकाला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. भांडण नाही, काही नाही. पण एक तृतीयांश कंपनी त्याच्याच नावावर राहिली. नंतर ज्या ज्या एंजलला भेटलो त्याने कॅप टेबल (कुणाकडे किती शेअर याचा तक्ता) उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोण?" उत्तर ऐकून दोघांनी तिथेच नकार दिला. त्यांचंही बरोबर होतं. काम न करणाऱ्याकडे एवढा वाटा असताना पुढे काम करणाऱ्यांना द्यायला उरतं काय?

म्हणून पैसे यायच्या आधी आपापसात व्हेस्टिंग लिहून घ्या, म्हणजे शेअर एकदम नाही, काम करत राहाल तसे हळूहळू हक्काचे होतील. सर्वसाधारण पद्धत चार वर्षांची आहे. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही, वर्ष भरलं की पाव हिस्सा आणि मग दर महिन्याला थोडा थोडा. झालेलं दीड वर्ष त्यात धरता येतं. मित्रावर अविश्वास दाखवतोय असं वाटेल. तरी लिहाच, कळकळीने सांगतो.

आणि कोड कंपनीच्या नावावर करून घ्या. दोघांपैकी कुणी नोकरीत असताना त्यातला भाग लिहिला असेल तर नोकरीचा करार वकिलाला दाखवा.

नीलिमा

मी स्वतः लहान रकमा गुंतवते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते.

एंजल स्वतःचा पैसा घालतो आणि त्यातला बराचसा बुडणार हे धरूनच घालतो. विल्टबँक आणि बोकर या संशोधकांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या एंजल गटांचा अभ्यास केला. ५२% व्यवहारांत घातलेले पैसेही पूर्ण परत आले नव्हते आणि दहापटीहून जास्त देणारे व्यवहार होते फक्त ७%. बाकीच्यांची भरपाई या थोड्यांतूनच होते. त्यामुळे "तीन वर्षांत पैसे दुप्पट करून देऊ" हे माझ्यासारखीला पुरत नाही. चार कारखान्यांचे चारशे कसे होतील, हे मला ऐकायचं असतं. तुम्हाला कंपनी लहान, नफ्यात आणि स्वतःच्या हातात ठेवायची असेल तर एंजलचा पैसा घेऊच नका. तोही तितकाच चांगला रस्ता आहे.

रानवारा म्हणतात तसं, कंपनीची कागदपत्रं आधी. १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक अँडी बेक्टोल्शाइम यांनी गूगलच्या नावे १ लाख डॉलरचा चेक लिहिला तेव्हा कंपनी नोंदलेलीच नव्हती. नोंदणी होईपर्यंत तो वटवता आला नाही.

कॅपइतकाच माणूस तपासा. त्यांनी आधी कुठे पैसे घातले ते विचारा आणि त्यातली बंद पडलेली एखादी कंपनी शोधून तिच्या फाउंडरशी बोला. चालणाऱ्या कंपनीचा फाउंडर चांगलंच बोलेल. शेवटच्या महिन्यांत हे गृहस्थ फोन उचलत होते का, ते बुडालेलाच सांगू शकतो. सोबत साइड लेटर (मुख्य कराराला जोडलेलं जादा अटींचं पत्र) असेल तर तेही वाचा. पुढच्या राउंडमध्ये आपला टक्का टिकवण्यापुरते पैसे घालायचा हक्क, दर तिमाहीची माहिती, या मागण्या नेहमीच्या आहेत. पगार, नोकरभरती, रोजचा खर्च यावर त्यांची मंजुरी मागितली असेल तर ते वाक्य काढायला लावा.

सावली७

सगळ्यांचे मनापासून आभार. साइड लेटर आहे, आणि त्यात "ठरावीक रकमेवरील प्रत्येक खर्चास लेखी संमती" असं वाक्य सापडलं. फोन करून विचारलं तर म्हणाले, जुन्या मसुद्यातून आलं असेल, काढून टाका. बंद पडलेल्या दोन कंपन्यांची नावंही त्यांनी स्वतःहून दिली. त्यातल्या एका फाउंडरशी काल तासभर बोलले. कंपनी बंद करताना कर्मचाऱ्यांना दुसरीकडे लावायला हे गृहस्थ स्वतः फोन करत होते म्हणे.

आम्ही ठरवलंय, त्यांचे २० लाख आणि एकाच स्नेह्यांचे १० लाख घ्यायचे, म्हणजे १५%. वर्षभर त्यात निभेल. व्हेस्टिंगचा विषय मित्रानेच आधी काढला. सोमवारी वकिलांकडे जातोय.

मधुकर_क

वर्ष नको, दीड वर्ष निभेल असं बघा. पुढचा राउंड जमवण्यातच सहा महिने सहज जातात. खर्चाचा तक्ता इथे टाकलात तर बसून बघू.