लालबाग पाहून आल्यावर आपल्या मोकळ्या जागेचं काय?

जोशी काकू, बी-२०४: बेंगळुरूहून परतले. लेकीनं अख्खा दिवस लालबागेत फिरवलं. फोटो टाकलेत, बघा. पांढरी सावर एका फोटोत मावेना, बुंधा वेगळा आणि शेंडा वेगळा काढलाय.

स्वाती, ए-१०३: काकू, केवढं झाड ओ! बुंध्याला भिंतींसारखं काय आलंय?

जोशी काकू: मुळंच गं ती! दोन मुळांच्या मधे माणूस उभा राहिला तर बाजूनं दिसायचा नाही. उष्ण प्रदेशातल्या पावसाळी जंगलात मातीचा कस वरच्या थरातच असतो, म्हणून मुळं आडवी पसरतात. मग एवढं उंच खोड तोलायला अशा भिंती लागतात.

शिंदे सर, सी-३०१: हैदर अलीनं १७६० मध्ये ही बाग सुरू केली, टिपूनं वाढवली. आज २४० एकर आहे. काचघराची पायाभरणी १८८९ ची.

अनिकेत, ए-४०२: आणि बागेतला तो खडक! तीनशे कोटी वर्षांचा. कॉलेजच्या सहलीत चढलोय.

स्वाती: मग आपल्या मधल्या मोकळ्या जागेत असंच हिरवंगार करू की. सुपारीपाम, नेचे, मोठ्या पानांची झाडं.

पवार काका, बी-१०१: आणि गाड्या कुठं लावायच्या?

जोशी काकू: स्वाती, तुझी हौस कळते गं. पण बेंगळुरू नऊशे मीटर उंचीवर, तिथली हवा वेगळी. आपल्याकडं सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मे महिन्यात पारा ४३ वर आणि नळाला पाणी काही दिवसांआड. नेचे एका उन्हाळ्यात करपतील. माणसांना पाणी पुरत नसताना टँकर मागवून पाम जगवणं मला पटत नाही.

तिथून घ्यायचंच तर झाडांवरच्या पाट्या घ्या. कैलासपतीखाली पडलेलं फूल मी उचललं. जाडजूड गुलाबी पाकळ्या, मधे पिंडीवर फणा धरल्यासारखे केसर, आणि वास तर हातातून जाईना. फांदीवर नाही, थेट खोडावर फुलतं हे. देवळात महादेवाला वाहतात म्हणून आपल्याच मातीतलं वाटायचं, पण मूळ दक्षिण अमेरिकेतलं. आपल्या आवारात करंज आहे, कडुलिंब आहे, पण पोरांना नावं विचारा!

शिंदे सर: बरोबर. आपला मुलूख माळरानाचा, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन बघा. इथं बहावा लावा, ऐन उन्हाळ्यात पिवळाधमक होतो. पळस, आपटाही चालेल. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घातलं की पुढं फारसं बघावं लागत नाही.

पवार काका: सगळं खरं, पण पार्किंगची जागा जाता कामा नये.

जोशी काकू: काका, करंज कडेनं लावू. चैत्रात पालवी फुटते, मे महिन्यात गर्द सावली. दुपारी गाडीच्या सीटला हात लागत नाही, ते तरी थांबेल.

पवार काका: असं असेल तर माझी ना नाही.

पाटील काका, अध्यक्ष: खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या, पाऊस लागला की झाडं लावू. रोपं वनविभागाच्या रोपवाटिकेत विचारतो. पाट्यांचं कोण बघणार?

स्वाती: मी आणि पोरं. पत्र्याच्या करून झाडाला ठोकू का?

जोशी काकू: खिळा अजिबात नको, खोडाला जखम होते. बुंध्यापासून हातभर लांब खुंटी रोवून तिच्यावर लावा.