मदत हवी आहे: ग्रॅनाइटच्या घळीत दोन रात्रींच्या सामानासकट कयाकिंग, गोव्यात राहून तयारी कशी करावी?

म्हादईकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे वाळपई आणि फोंडा भागातले. पावसाळ्यात म्हादईवर, उस्ते ते सोनाळ आणि त्याच्या वरच्या अंगाला वल्हवतो. केरळात कोडंचेरीच्या चालिप्पुळा आणि इरुवंजीपुळावर चौथ्या श्रेणीचं (अवघडपणाच्या सहा पातळ्यांपैकी) पाणी चौघांनाही नीट जमतं, रोल (उलटलेली बोट बसल्या जागी सरळ करणं) दोन्ही बाजूंनी पक्का आहे. पुढच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात कर्न नदीचा फोर्क्स हा पट्टा करायचा विचार आहे. सुमारे २७ किमी, पाचवी श्रेणी, सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट. सोबत तिथला माहीतगार एक जण असेल. राफ्ट नाही, सगळं सामान आपापल्या बोटीत.

प्रश्न असे: सामान बोटीत कसं लावायचं? ग्रॅनाइटमध्ये आपल्या नद्यांपेक्षा वेगळा धोका कोणता? बोट अडकली तर गुळगुळीत खडकात दोर बांधायचा कशाला? आणि यातलं गोव्यात काय सरावता येईल?

कोंडावरचा

सामानापासून सुरू करतो, कारण ते तुम्ही उद्यापासून सरावू शकता.

दोन रात्रींना माणशी १० ते १२ किलो पुरतं. त्याहून जास्त होत असेल तर काढून टाका. बोट क्रीकिंगचीच (अरुंद, उताराच्या नद्यांसाठीची) घ्या, ८० ते ९० गॅलन, म्हणजे सुमारे ३०० ते ३४० लिटर आकारमानाची. मागच्या भागात मधली फोमची भिंत असते, तिच्या दोन्ही बाजूंना निमुळत्या ड्राय बॅगा सरकवायच्या. जड वस्तू म्हणजे खाणं, शेगडी आणि दुरुस्तीचं सामान सीटच्या लगेच पाठीमागे, शक्य तितकं खाली. झोपायची बॅग आणि कपडे शेपटाकडे. प्रत्येक बॅग कॅरॅबिनरने बोटीला अडकवा, नाहीतर उलटल्यावर ती सरकते आणि रोलच्या ऐन वेळी वजन भलतीकडे जातं. फोमची भिंत काढून जागा करण्याचा मोह टाळा. बोट दोन धोंड्यांमध्ये आडवी अडकली तर डेक चेपला जाऊ नये म्हणूनच ती असते.

शेपूट जड झालं की बोट बूफवरून (धबधब्याच्या कडेवरून नाक उचलून मारलेली उडी) उतरताना नाक आकाशाकडे जातं आणि मागची कड होलमध्ये (खाली मागे वळणाऱ्या पाण्यात) पकडली जाते. म्हणून सपाट डोहात बसा आणि बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा. शेपटाचं टोक नाकापेक्षा चार बोटं खाली दिसलं तर सामान पुढे घ्या.

म्हादईवर दोन लिटरच्या पाच-सहा बाटल्या भरून ड्राय बॅगेत घाला आणि सगळा पावसाळा तसंच वल्हवा. भरलेल्या बोटीला वेग घ्यायला वेळ लागतो आणि घेतलेला वेग ती सोडत नाही. बूफचा फटका नेहमीपेक्षा थोडा आधी मारावा लागतो. एडीत (धोंड्यामागच्या शांत, उलट वळणाऱ्या पाण्यात) शिरताना कोन जास्त उघडा ठेवावा लागतो, नाहीतर बोट एडीच्या रेषेवरून सरळ खाली जाते. हे अंगात मुरायला हंगाम लागतो.

धोंडफोडे

ग्रॅनाइटच्या धोक्याबद्दल सविस्तर लिहितो, माझ्या मते तुमच्या धाग्याचा गाभा तोच आहे.

म्हादईवर तुमची नजर झाडांवर असते: वाहून आलेली खोडं, काठावरच्या फांद्या, फळ्या काढलेल्या बंधाऱ्याच्या खांबांत अडकलेला कचरा. ग्रॅनाइटच्या घळीत मुख्य भीती दगडांतूनच असते. कड्यांवरून सुटलेले घरांएवढे धोंडे पात्रात एकमेकांवर टेकून पडतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी जातं. यालाच सिव्ह म्हणतात. पाणी जातं, माणूस जात नाही. खालून पोखरलेल्या खडकाचंही तेच.

ओळखायची खूण एकच, पण ती पाण्यात बसल्या बसल्या दिसली पाहिजे. भरीव धोंड्यावर प्रवाह आदळला की वरच्या अंगाला पाण्याची उशी तयार होते, फुगीर, पांढरी, आणि ती बोटीला बाजूला ढकलते. जिथे जोराचा प्रवाह थेट धोंड्यात जातोय आणि उशी नाही, तिथे पाणी खाली कुठेतरी जागा शोधतंय. मग त्याच धोंड्याच्या खालच्या अंगाला बघा. एडी नीट तयार झाली नसेल, तळातून बुडबुडे नि उकळी येत असेल, तर तो सिव्ह आहे असंच धरून चाला. प्रवाह एका जागी जातो आणि बाहेर कुठे येतोय तेच दिसत नाही, तर बोटीतून उतरा आणि काठाने बोट न्या. पाण्याची पातळी कमी झाली म्हणजे सोपं झालं हा समज इथे घातक आहे. पातळी उतरली की जे धोंडे झाकून सरळ लाट व्हायची तेच उघडे पडतात आणि फटी कामाला लागतात.

प्रत्येक वळणाआधी शेवटची एडी ठरवून ठेवा. पुढच्याने पुढची एडी पाहिल्याशिवाय मागच्याने हलायचं नाही. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा. हाताचं बोट दाखवायचं ते जायच्या दिशेला, धोक्याच्या दिशेला कधीही नाही. घळीत आवाज पोचत नाही, शिट्टीचा एक फुंका लक्ष वेधायला, तीन म्हणजे आणीबाणी. या खुणा माहीतगाराशी आधी ताडून घ्या.

आणि कार्सन फॉल्ससारख्या जागी उतरून बघायला लाजू नका. व्होर्टेक्स, वेस्टवॉल ही नावं नकाशावर वाचून ठेवा, पण ओळ त्या दिवशीच्या पाण्यावरच ठरवा.

म्हादईकाठ

धोंडफोडे दादा, उशीची खूण नेमकी कळली. आता दोरांचं सांगा. आमच्याकडे चार फेकदोर आहेत, साध्या पॉलिप्रॉपिलीनचे. पिन किट (अडकलेली बोट सोडवायचं सामान) अजून घेतलेलं नाही.

दोरखंड

साधा पॉलिप्रॉपिलीनचा दोर पोहणाऱ्याकडे फेकायला ठीक, अडकलेली बोट ओढायला नाही. निदान दोन दोर आत डायनिमाचा (न ताणणाऱ्या मजबूत धाग्याचा) गाभा असलेले घ्या, २० मीटर, ८ ते १० मिमी. पिन किट प्रत्येक बोटीत नको, पण चौघांत दोन पूर्ण हवीतच: दोन पुल्या, तीन-चार लॉकिंग कॅरॅबिनर, दोन प्रूसिक (दोरावर आवळून धरणारे बारीक दोराचे फास) आणि ५ ते ६ मीटर नळीदार वेबिंग (विणलेला पट्टा). वेबिंग माणसं चार मीटरचं घेतात, पण ग्रॅनाइटच्या गोल धोंड्याला वळसा घालायला ते पुरत नाही. प्रूसिक दोरापेक्षा बारीक हवा, ८ मिमीच्या दोरावर ५ मिमीचा, तीन वेढे. ओला दोर निसरडा असतो, दोन वेढ्यांवर तो घसरतो.

माणूस अडकलेला असेल तर बोट विसरा. आधी त्याचं डोकं पाण्यावर ठेवा. दोर खालच्या अंगाने आडवा ताणून त्याच्या छातीसमोर आणला तर त्याला टेकायला आधार मिळतो. पण त्यासाठी दोन्ही काठांवर माणूस लागतो. म्हणूनच अवघड रॅपिडला सगळ्यांनी एकाच काठावर उभं राहू नये.

बोट रिकामी असेल तर झेड-ड्रॅगकडे (पुल्यांतून Z आकारात दोर फिरवून जोर वाढवणारी यंत्रणा) धावण्याआधी दिशा बदलून बघा. बोटीच्या ज्या टोकावर पाण्याचा दाब कमी, ते टोक ओढा. नुसता सरळ ताणलेला दोर मधोमध काटकोनात ओढला तरी सुरुवातीची हालचाल मिळते, आणि बहुतेक वेळा तेवढीच पुरते. नाहीच जमलं तर झेड-ड्रॅग. कागदावर तिप्पट जोर, पण पुलीऐवजी कॅरॅबिनर लावले तर घर्षणात दुपटीच्या आसपासच उरतो. एकच पुली असेल तर ती ओढणाऱ्याला जवळच्या, हलत्या बिंदूवर लावा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, तेव्हा जोराच्या पाण्यात अडकलेली बोट चार माणसांकडून न सुटणं हे शक्य आहे. ती सोडून देऊन चालत बाहेर पडायची तयारी आधीच ठेवा.

ताणलेल्या दोरावर मध्ये ओली फेकपिशवी लटकवा, तुटला तर तो उसळत नाही. दोर जिथे वळतो त्या कोनाच्या आत कुणी उभं राहायचं नाही.

बांधायला झाड नसतं, ही तुमची मूळ अडचण. तीन उपाय: धोंड्याला पूर्ण वळसा घालून वेबिंग, दोन धोंड्यांच्या निमुळत्या फटीत मोठी गाठ जाम करून, आणि खडकाच्या टोकावर फास, पण ओढ खालच्या दिशेला असेल तरच. दोर जिथे कडेवर घासतो तिथे खाली बॅग घाला, ग्रॅनाइटची स्फटिकं सालीसारखा दोर सोलतात. याचा सराव गोव्यात उत्तम होतो. काणकोण तालुक्यात ग्रॅनाइट आहेच, भूवैज्ञानिक त्याला काणकोण ग्रॅनाइट म्हणतात. तिथले गोल धोंडे गाठा आणि कोरड्यावर भरलेली बोट ओढून बघा. डोळे मिटून दहा मिनिटांत पूर्ण यंत्रणा उभी राहीपर्यंत करा.

हिमपाणी

पाण्याबद्दल थोडक्यात. म्हादई पावसाने चढते, दोन-तीन तासांत. कर्न वितळत्या बर्फाने चढते, रोज, ठरावीक चक्रात. दुपारी वर वितळलेलं पाणी घळीत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे मुक्कामाच्या जागी चढ रात्रीही येऊ शकतो. संध्याकाळी पाण्याच्या कडेला दगड ठेवून खूण करा आणि बोटी त्याच्या बऱ्याच वर बांधा. तिथले आकडे घनफूट प्रति सेकंदात असतात, म्हणजे धरणाच्या विसर्गाच्या बातमीत वाचतो तोच क्युसेक. १००० क्युसेक म्हणजे सुमारे २८ घनमीटर प्रति सेकंद.

पाणी बर्फाळ असतं. पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, त्यानंतर बोटं दोराची गाठ सोडवू शकत नाहीत. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा पोशाख) आणि आत लोकर लागेलच, आपल्याकडच्या कपड्यांत जाऊ नका.

परवानगी: फोर्क्ससाठी सिक्वोया राष्ट्रीय वनाचा परवाना लागतो, शेगडी पेटवायला कॅलिफोर्नियाचा वेगळा. पाण्यापर्यंत तीनेक किमी उतरून लिटल कर्न ओलांडावी लागते. तीही फुगलेली असू शकते, हे विसरू नका.

उपग्रह संदेशयंत्र तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत द्या. घरी आणू नका. भारतात विनापरवाना ते बाळगणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना त्यावरून अडवल्याच्या घटना झाल्या आहेत.

म्हादईकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची एक शंका: ग्रॅनाइटवर घासून बोटीला तडा गेला तर दोन दिवस काढण्याइतकी दुरुस्ती होते का? डक्ट टेप चालेल?

कोंडावरचा

डक्ट टेप पॉलिथिलीनवर ओल्यात टिकत नाही. छपराची गळती थांबवायला लावतात ती बिटुमेनची अ‍ॅल्युमिनियम पट्टी घ्या, म्हापसा-फोंड्याच्या कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळते, १० सेंमी रुंद. तड्याच्या दोन्ही टोकांना ५-६ मिमीचं भोक पाडा म्हणजे तडा पुढे पळत नाही. भाग पुसा, उन्हात पूर्ण वाळवा, लायटरची ज्योत वरवर फिरवा. प्लास्टिक वितळू द्यायचं नाही, पृष्ठभाग फक्त चमकायला हवा. मग पट्टी बाहेरून, तड्याच्या चारही बाजूंनी निदान ५ सेंमी पुढे जाईल अशी, चमच्याच्या पाठीने रगडून लावा. आतूनही एक. तडा सीटच्या खाली असेल तर आत झोपायच्या मॅटचा तुकडा दाबून बसवा, वाकणं कमी होतं. पट्टी घरीच मोजून कापा आणि कागदासकट गुंडाळून सीटच्या मागे ठेवा, आणि जुन्या बोटीच्या तुकड्यावर एकदा लावून दोन दिवस पाण्यात बुडवून बघा.