डेक्कन जिमखाना म्हणजे नुसता मांडव? : एका पोस्टला उत्तर

कर्वेरोडकर
सकाळपासून तीन जणांनी तीच पोस्ट पाठवली आहे. 'दोराबजी टाटा नसते तर १९२० साली भारत ऑलिंपिकला गेलाच नसता. डेक्कन जिमखाना काय, नुसता मांडव!' वाचता वाचता चहा गार झाला.

मांडव? १९०६ साली बंडोपंत भाजेकरांनी पुण्यात ही क्रीडासंस्था काढली तेव्हा टाटा चित्रातही नव्हते. पुढे टाटा तिचे अध्यक्ष झाले. मोठ्या मनाचा माणूस, वादच नाही. पण जिमखान्याच्या स्पर्धेला आल्यावर काय दिसलं ते त्यांनीच १९२९ च्या पत्रात ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना कळवलंय. मैदान लहान, गवत रोलर न फिरवलेलं. शंभर यार्डांच्या फेऱ्या वळणावरून पळवायचा बेत, धावपटूंच्या मध्ये दोऱ्याही नाहीत. धावणारी सगळी शेतात राबणारी पोरं, खाणं बेताचं, युरोपातले नियम कुणाला ठाऊक नाहीत. आणि गर्दी खेचणारी शर्यत म्हणजे पंचवीस मैलांची 'मॅरेथॉन', रस्त्यावरून, अनवाणी. त्यांच्या वेळा युरोपच्या जवळपास भरल्या म्हणून तर टाटांना १९२० चं अँटवर्प ऑलिंपिक सुचलं.

म्हणजे आधी शर्यत, मग टाटा. आता सांगा, शर्यत कुणी भरवली?

अनवाणी
शर्यत कुणी भरवली ते कळलं. पळालं कोण?
तुमच्याच पत्रात लिहिलंय, शेतातली पोरं. त्यांतली किती पुढे संध्याकाळी क्लबात टेनिस खेळायला आली? बक्षीस दिलं, पाठ थोपटली, आता जा वावरात. श्रेयाची वाटणी मात्र टाटा आणि भाजेकर अशी दोघांतच.

माझे आजोबा भोरकडचे. जत्रेतल्या शर्यतीत पितळी तांब्या जिंकलेला, अजून आमच्या देवघरात आहे. मी स्वतः कॉलेजात असताना शहरातल्या एका नामांकित क्लबच्या मैदानावर पहाटे पळायला गेलो होतो (नाव घेत नाही). वॉचमनने विचारलं, "मेंबर का?" नाही म्हटलं, तर म्हणे, "मग रस्ता आहे की पळायला." गेलो रस्त्यावर. गुडघा तिथेच गेला.

कर्वेरोडकर
तुमच्या गुडघ्याचं वाईट वाटलं, पण त्याचा १९२० शी संबंध काय? मैदान ठेवायचं तर वर्गणी लागतेच. गवताला पाणी कोण घालणार, तुमचे आजोबा?

अनवाणी
आजोबांवर जाऊ नका. त्यांनी आयुष्यभर पाणीच घातलंय, उसाला.

चष्मिष्ट
दोघांनाही एक आठवण. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड कलकत्त्याहून जाऊन दोन रौप्य घेऊन आला होता. १९२० ला 'पहिले' समजताना जरा जपून.

कर्वेरोडकर
आलाच का प्रिचर्ड! एकटा गेला तो, संघ नव्हता. त्याच्यावर इंग्रजही हक्क सांगतात. आम्ही संघाबद्दल बोलतोय. अँटवर्पला सहा जण होते, चार धावपटू आणि दोन पैलवान. त्यांतले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कुस्तीतल्या पदकाच्या बत्तीस वर्षं आधी! हे किती जणांना माहीत आहे? आणि मॅरेथॉनमध्ये आपले चौगुले एकोणिसावे.

सीमावासी
'आपले'? छान. फडेप्पा चौगुले बेळगावचे. तुमचं पुणं त्यांना पळवून बघतं, टाळ्या वाजवतं आणि शंभर वर्षांनी 'आपले' म्हणतं. बेळगाव मात्र १९५६ पासून सीमावादात टांगलेलं आहे ते कुणाला आठवत नाही.

कावेरीकाठ
फडेप्पा दरेप्पा. नाव नीट वाचा. हे मराठी नाव वाटतं का कुणाला?

सीमावासी
आणि चौगुले काय चिनी आहे? आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत अण्णाप्पा-बाळाप्पा आहेत, घरात मराठीच बोलतात. नावावरून भाषा ठरवायची असेल तर बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन आयोगानेही तेवढंच बघितलं असेल.

कावेरीकाठ
तुम्हीच मागितलेला आयोग होता तो. निकाल विरुद्ध गेल्यावर आयोग वाईट.

सीमावासी
माझ्या वडिलांनी लाठ्या खाल्ल्यात. मला आयोग शिकवू नका.

चष्मिष्ट
१९२० साली बेळगाव, पुणे, धारवाड सगळं एकाच मुंबई इलाख्यात होतं. त्या माणसाला हा प्रश्नच पडला नसेल. पडला असेल तर रेल्वेभाड्याचा.

वऱ्हाडी ठेचा
पुणं आन् बेळगाव, बेळगाव आन् पुणं! अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं आहे, राजेहो. १९३६ मध्ये आमची पोरं बर्लिन ऑलिंपिकमध्ये हुतूतू दाखवून आली. पण विदर्भाचं नाव निघालं की तुम्हाले जांभया येतात.

कर्वेरोडकर
विदर्भाला कोण नाही म्हणतंय? वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन वाचीन. इथे विषय जिमखान्याचा आहे.

अनवाणी
विषय पळणाऱ्यांचा आहे. चौगुले मराठी की कन्नड यावर वीस प्रतिसाद पडतील. पण ते पळाले किती, हे एकानेही विचारलं नाही. सांगतो मी. अँटवर्पची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटर होती, नेहमीपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत आला, चौगुले २ तास ५० मिनिटांत. शेतातून उठून गेलेल्या पिढीतला माणूस. आज आमच्या सोसायटीच्या ग्रुपमधले पाच हजारांचे बूट घालून साडेचार तासांत येतात आणि मेडल चावतानाचा फोटो टाकतात.

चष्मिष्ट
साडेचारवाला मीच. बूट अकरा हजारांचे आहेत.

कर्वेरोडकर
बरं, अनवाणीराव. पळणाऱ्यांची नावं आधी यायला हवी होती, हे घ्या मान्य. मथळाही बदलला असता, पण आता बदलता येत नाही. तरी एवढं म्हणतोच, त्या वेड्या लोकांनी वळणावरची का होईना, शर्यत आखली नसती तर तुमचा २ तास ५० मिनिटांचा आकडा कुठून आला असता? जत्रेतल्या तांब्यावर वेळ कोरत नाहीत.

अनवाणी
कोरत नाहीत, खरंय. हे एक तुमचं. वॉचमनचं उत्तर अजून बाकी आहे.

सीमावासी
आणि कुणी यावर लेख लिहिणार असेल तर बेळगाव लिहा. 'बेळगावी' नाही.

कावेरीकाठ
२०१४ पासून सरकारी नाव बेळगावीच आहे.

सीमावासी
आलात परत?